अंतर किती आणि वेळ किती?

बंगळुरूतील कित्येक मराठी कुटुंबांतील मुलगा किंवा मुलगी आज सॅन फ्रान्सिस्को परिसरात नोकरीस आहे. येथे आई-वडिलांपैकी कोणाची प्रकृती बिघडली की दूरध्वनीवर पहिला प्रश्न येतो, ‘किती वेळात पोहोचशील?’ त्याचे उत्तर केवळ किलोमीटरांत देता येत नाही. पृथ्वीचा आकार, वारा आणि घड्याळ या तिन्हींचा हिशेब मांडावा लागतो.

प्रथम अंतर पाहू. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर बंगळुरूपासून पूर्वेकडे, प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सरळ रेषा आखली, तर ती वाट सुमारे १६,१०० किलोमीटर भरते. तेच दोन विमानतळ पृथ्वीगोलावर दोरा ताणून जोडले, तर दोरा उत्तरेकडे झुकून आर्क्टिक प्रदेशातून जातो आणि अंतर सुमारे १४,००० किलोमीटर इतकेच होते. नकाशावरील सरळ रेषा ही प्रत्यक्षातील सर्वांत जवळची वाट नव्हे, हा पहिला धडा.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर साडेपंधरा तासांत कापले जावे. परंतु धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढ-उतार, वारा आणि मार्गातील वळसे यांमुळे अधिक वेळ लागतो. एअर इंडियाने ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूस पहिले थेट विमान सोडले. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी ते उत्तर ध्रुवावरून आणले. वेळापत्रकानुसार ते शनिवारी रात्री साडेआठला निघून सोमवारी पहाटे पावणेचारला पोहोचणार होते. घड्याळाप्रमाणे हे सव्वाएकतीस तास झाले. त्यातून दोन्ही शहरांच्या वेळेतील साडेतेरा तासांचा फरक वजा केला, की प्रवास पावणेअठरा तासांचा ठरतो. प्रवाशाचा रविवार जवळजवळ संपूर्ण आकाशातच सरतो!

अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू असताना, म्हणजे मार्च ते नोव्हेंबर, हा फरक साडेबारा तासांचा असतो. शिवाय उंचावरील जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब आणखी वेगळा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उतरल्यावरचे सोपस्कार आणि देवनहळ्ळीहून शहरात येणे हे सारे धरले, तर थेट विमान मिळाले असते, तरीही एक संपूर्ण दिवस लागला असता. वाटेत विमान बदलावे लागल्यास त्याहून अधिक.

बँक व्यवहारांतही हे गणित आड येते. हिवाळ्यात बंगळुरूत सकाळी दहाला शाखा उघडते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दोन्हीकडील शाखा एकाच वेळी उघड्या सापडत नाहीत. म्हणून रुग्णालयाचा खर्च ऐन वेळी परदेशातून येईल, या भरवशावर राहू नये. आई-वडिलांच्या खात्यात तातडीपुरती शिल्लक असावी, खाते संयुक्त असावे आणि नामनिर्देशन पूर्ण केलेले असावे.

पृथ्वीवरील अंतर आपल्या हातात नाही. परंतु तो एक दिवस निभावून नेण्याची तजवीज मात्र आपल्याच हातात आहे.