एका सर्व्हरवर चार मशीन : कोणाला किती प्रोसेसर?

ईदच्या आधीच्या गर्दीत आम्ही गांधीबागेतील एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे गेलो होतो. दुकानात तीन काउंटर, मागे गोदाम, आणि सगळा कारभार एकाच सर्व्हरवर. संध्याकाळ झाली की बिल निघायला मिनिट-दीड मिनिट लागायचे. गिऱ्हाईक ताटकळत राहायचे, काही जण शेजारच्या दुकानात वळायचे. संगणक पुरवणाऱ्याने नवा, मोठा सर्व्हर घ्या असे सांगून ठेवले होते. शेठजींना मात्र एक कोडे सुटत नव्हते. बिलाच्या मशीनच्या पडद्यावर प्रोसेसरचा वापर जेमतेम १२ टक्के दिसत होता. "बारा टक्केच काम आहे, मग हे दमते कशाने?" प्रश्न अगदी रास्त होता.

सर्व्हर ८ कोअरचा. त्यावर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात चालणारे चार वेगळे संगणक : बिलाचे, हिशोबाचे, गोदामाचे आणि कॅमेऱ्यांचे. बसवणाऱ्याने चौघांनाही ८-८ प्रोसेसर देऊन टाकले होते. कागदावर ३२, प्रत्यक्षात ८.

नागपूरकरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. १८७७ साली जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनावर एक लांब दांडा फिरे, त्यावरून पट्टे उतरत आणि पट्ट्यांवर यंत्रे चालत. पट्टे वाढवले म्हणून इंजिनाची ताकद वाढत नसे. इथे इंजिन म्हणजे खरे कोअर. कोणाला केव्हा पाळी द्यायची हे हायपरव्हायजर नावाचा प्रोग्राम ठरवतो.

जास्त दिले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते. मशीनमधला एक प्रोसेसर एखाद्या कामाची किल्ली हातात घेतो आणि नेमकी तेव्हाच त्याची पाळी संपते. बाकीचे त्या किल्लीची वाट पाहत जागच्या जागी फिरत राहतात, आणि हे फुकटचे फिरणेही खऱ्या कोअरवरच होते. व्हीएमवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत तर एका मशीनचे सगळे प्रोसेसर एकदमच चालवावे लागत. मशीनला जितके प्रोसेसर दिलेले, तितके कोअर रिकामे होईपर्यंत थांबावे लागे. पुढे तो नियम सैल झाला, तरी गर्दी ती गर्दीच.

आता ते बारा टक्के. आठातला एक प्रोसेसर पूर्ण जुंपला आणि सात बसून राहिले, तर सरासरी साडेबारा टक्के येते. चार प्रोसेसरच्या मशीनमध्ये हाच आकडा २५ असतो. असा आकडा एका जागी अडून राहिलेला दिसला की समजावे, काम एकाच प्रोसेसरवर चालले आहे. एका मागावर एकच विणकर बसतो. मागे आणखी सात उभे केले म्हणून लुगडे लवकर उतरत नाही. बऱ्याच वेळा दोष प्रोग्रामच्या रचनेचाच असतो. तेव्हा संख्या वाढवून काही हाती लागत नाही, जास्त वेगाचा कोअर लागतो.

शेठजींकडे कारण वेगळे निघाले. त्यांच्या बिलाची माहिती एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये साठते. हा प्रोग्राम मोफत आहे, पण त्याला मर्यादा आहे : एक सॉकेट किंवा चार कोअर, यांतले जे कमी असेल तेवढेच तो वापरतो. बसवणाऱ्याने आठ प्रोसेसर देताना आठ सॉकेट, प्रत्येकी एक कोअर अशी मांडणी केली होती. साहजिकच प्रोग्राम एकाच कोअरवर चालत होता. विंडोजच्या प्रो आवृत्तीलाही दोनच सॉकेट चालतात, हेही येथेच सांगून ठेवतो.

मांडणी बदलली. बिलाला एक सॉकेट, चार कोअर. हिशोबाला २, कॅमेऱ्यांना २, गोदामाला १. बेरीज ९, म्हणजे खऱ्यापेक्षा एकच जास्त. बिले भराभर निघू लागली आणि नव्या सर्व्हरचा विषय मागे पडला.

ही वाटणी जशीच्या तशी कोणी उचलू नये. लहान मशीनला १ किंवा २ वरून सुरुवात करावी आणि आठवडाभर, त्यात एक गर्दीचा दिवस धरून, पाहावे. दिलेले सगळे प्रोसेसर कामाच्या वेळी भरलेले राहत असतील तरच एक-दोन वाढवावेत. हिशोब, गोदाम अशी कामे थांबून थांबून चालतात. त्यांची बेरीज खऱ्या कोअरच्या दुप्पट झाली तरी सहसा निभते. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग मात्र अखंड चालते. तेथे ही उधारी करू नये. पाळीची वाट किती पाहावी लागते, हे व्हीएमवेअरमध्ये 'रेडी' या आकड्यावरून कळते, तर लिनक्समध्ये टॉप आज्ञेतील 'एसटी' या आकड्यावरून. तो आकडा चढता असेल तर वाढवण्याऐवजी कोणाचे तरी कमी करावे. हायपर-थ्रेडिंगमुळे ८ कोअरचे १६ दिसतात, पण काम १६ इतके होत नाही. हिशोब ८ वरच करावा.

भाड्याच्या क्लाउडवर मशीन घेणाऱ्यांनी माप विचारून घ्यावे. तेथील एक व्हीसीपीयू म्हणजे बहुधा पूर्ण कोअर नसून त्याचा एक थ्रेड असतो, आणि भाडे रिकाम्या प्रोसेसरचेही लागते.

फेरबदल करताना मशीन बहुधा बंद करावे लागते. म्हणून दुकान मिटल्यावर, आधी बॅकअप घेऊनच हे काम करावे. ज्यांचे जीएसटीचे विवरण महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जाते, त्यांनी त्या तारखांच्या आसपास हात लावू नये.