पडलेल्या दाताची जागा रिकामी ठेवू नये

दात पडल्याने होणारी हानी केवळ दिसण्यापुरती नसते. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि तेथील जबड्याचे हाड हळूहळू झिजते.

यावर तीन उपाय आहेत. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त. ती रात्री काढून पाण्यात ठेवावी. पक्का बसविलेला ब्रिज सोयीचा असतो. मात्र त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. तिसरा उपाय दंतरोपण, अर्थात इम्प्लांट. स्वीडनचे डॉ. ब्रेनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसविले. हाड त्यांना घट्ट धरते. हा उपाय खर्चिक असून त्यास काही महिने लागतात. अनियंत्रित मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असल्यास तो फसण्याचा संभव वाढतो.

म्हणून दंतवैद्याकडून तपासणी करून घेतल्यावरच उपाय निवडावा, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांना समजावून द्यावे.