वणवा : होळीच्या सुट्टीतील एक धडा



होळीला आपल्यापैकी अनेक कुटुंबे गावी जातात, कोणी खानदेशात, कोणी कोकणात. जाण्यापूर्वी माझा एक अनुभव ऐका.

मार्च २०१८ मध्ये शिमग्यासाठी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात नातेवाइकांकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पालखी घरी येणार म्हणून अंगण झाडले, जमलेला पातेरा कुंपणाजवळ पेटवला आणि जेवायला बसलो. पेटवणाऱ्यांत मीही होतो. दुपारचा वारा सुटला आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

ताटावरून उठेपर्यंत आग कुंपण ओलांडून उतारावरच्या वाळलेल्या गवतात शिरली होती. वरच्या अंगाला सात-आठ कौलारू घरे व गवताच्या उडव्या. विहिरीचे पाणी तळाला गेलेले. बंब यायचा तर तालुक्याच्या गावाहून! "पाण्यामागे धावू नका, टहाळे तोडा!" काकी ओरडल्या. काही माणसे हिरव्या टहाळ्यांनी कडेकडेने आग झोडपू लागली. काहींनी घरांलगतचे गवत कोयत्याने कापून जमीन उघडी केली. मुलांना व वृद्धांना बाजूच्या देवळाकडे नेले, गुरांची दावी सोडली. तासाभराने आग त्या उघड्या पट्ट्याशी येऊन विझली. घरे वाचली. पण काकींनी हंड्याने पाणी घालून वाढवलेली काजूची कलमे ऐन फळांवर असताना होरपळली. काकी एक शब्द बोलल्या नाहीत. पालखीला नमस्कार करताना माझी मान वर होत नव्हती.

आग का विझली? आगीला इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन या तीन गोष्टी लागतात. गवत कापल्याने इंधन संपले, झोडपल्याने हवा तुटली. याच तत्त्वावर वनखाते उन्हाळ्यापूर्वी जंगलात जाळरेषा काढते. चढावर आग वेगाने पसरते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवतात. म्हणून वणव्यापासून पळताना चढावर धावू नये, बाजूला सरकावे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात अशाच कोरड्या, वादळी वाऱ्याने वणवे भडकले. सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. तेथे बंब होते, विमाने होती, तरी उडणाऱ्या ठिणग्यांनी घरामागून घर पेटले. म्हणजे आग विझवण्यापेक्षा ती लागू न देणे सोपे आहे.

'गवत जाळले की पुढचे गवत चांगले येते' असा समज गावोगावी आहे. प्रत्यक्षात रोपे, पक्ष्यांची घरटी व मातीतील कुजलेला पाला जळतो आणि उघडी माती पावसात वाहून जाते. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हाही आहे.

लक्षात ठेवा :
१. पातेरा जाळू नका. खड्ड्यात टाकून खत करा.
२. होळी गवत व झाडांपासून दूर, मोकळ्या जागी पेटवा. जवळ पाणी ठेवा आणि पूर्ण विझल्यावरच घरी जा.
३. आग दिसताच प्रथम मोठ्यांना सांगा, मग १०१ क्रमांकावर कळवा. मुलांनी विझवायला जाऊ नये.

पालकांना विनंती : मुलांसमोर चूक झाली तर ती मान्य करा. मी काकींची क्षमा मागितली ती सुरतेला परत निघताना, एक दिवस उशिरा.

उपक्रम : सुट्टीत गावातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या आठवणीत वणवा कधी व कशामुळे लागला? दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.

— मुख्याध्यापक