आपल्या गावात माणसे किती?

एका दुपारची गोष्ट. आम्ही रत्नागिरी शहरातल्या एका वाचनालयात संगणकापाशी बसलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दुपारी आम्ही तेथे बसतो. कुणाला सातबारा पाहायचा असतो, कुणाला मुलाचा निकाल. जमेल तेवढी मदत करतो.

त्या दिवशी संगमेश्वर तालुक्यातल्या एका बाई आल्या. गावच्या बचत गटाच्या त्या अध्यक्षा. हातात पिशवी, पिशवीत नळपाण्याचा अर्ज.

"गुरुजी, अर्ज परत आला बघा. गावाची लोकसंख्या कुठून घेतलीत म्हणून विचारतायत."

"कुठून घेतलीत, ताई?"

"रेशनकार्डावरची नावं मोजली. हजाराच्या वर भरली. पोरानं मोबाइलवर बघितलं, तर सहाशेच. आता खरं कुठलं? सासूबाई म्हणतात, गणपतीत येऊन मोजा म्हणावं!"

वाचकहो, तुम्ही कोणाचे खरे मानाल? आम्ही तिघांचेही मानले. रेशनकार्डावर मुंबईला गेलेल्या मुलाचे नाव राहते. मतदारयादीतही पुष्कळदा राहते. जनगणनेत मात्र माणूस जेथे राहतो तेथे तो मोजला जातो. 2011 साली ही मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत कोकणातल्या गावात कोण असते? म्हातारी माणसे, बायका, शाळेतली मुले. चाकरमानी मुंबईत, म्हणून तो मुंबईत मोजला गेला. गणपतीत तोच माणूस गावी येतो आणि घर भरते. आकडे तीन झाले, कारण प्रश्नच तीन होते.

म्हणून आकडा शोधायच्या आधी विचारावे : कोण मोजले? केव्हा मोजले? कोणती हद्द धरून मोजले?

मग आम्ही संगणकावर जनगणना खात्याचे पान उघडले. सरकारी पानाच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा 'जीओव्ही डॉट आयएन' ही अक्षरे असतात. ती आधी पाहावी. इतर पुष्कळ पाने जनगणनेचाच आकडा उचलतात आणि त्याच्या पुढे चालू वर्षाचा आकडा छापतात. तो कोणी घरोघर जाऊन मोजलेला नसतो, अंदाज असतो. 2021 ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली, पुढली 2027 साली ठरली. तेव्हा हा धडा लिहिताना तरी गावाचा मोजलेला आकडा 2011 चाच आहे. जुना आहे खरा, पण मोजलेला आहे.

जनगणना खात्याने दर जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढली आहे. तिचे दोन भाग आहेत. 'अ' भागात गावात शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता काय आहे ते मिळते. 'ब' भागात घरे, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, काम करणारे, असे गाववार रकाने आहेत. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण घाबरू नये. आकडे वाचता आले की निम्मे काम झाले. गावाचे नाव मिळाले नाही तर स्पेलिंग बदलून पाहावे. 'वाडी' कधी व्हीने लिहितात, कधी डब्ल्यूने.

एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत असतात. आपल्या जिल्ह्यात तालुके नऊ. म्हणून आधी तालुका, मग गाव. प्रत्येक गावाला 2011 साली सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, तो लिहून ठेवावा. नाव फसवील, क्रमांक फसवणार नाही. आणि वाडीचा आकडा तेथे शोधू नये. जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव, सगळ्या वाड्या मिळून एक.

हद्दीच्या बाबतीत आम्ही स्वतः एकदा चांगलेच फसलो आहोत. एका समारंभात आम्ही ठासून सांगितले, "1971 साली रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे 20 लाख माणसे होती, 2011 साली 16 लाख उरली. चार लाख माणसे गेली!" सभा गप्प झाली. मागून एक जुना विद्यार्थी उठला. म्हणाला, "गुरुजी, 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा झाला ना?" झालाच होता, 1 मे 1981 रोजी. दोन्ही जिल्हे मिळून 2011 साली 24,64,720 माणसे होती. आम्ही खाली बसलो.

पण आपला जिल्हा घटला हे मात्र खरे. 2001 साली 16,96,777 माणसे, 2011 साली 16,15,069. या वेळी हद्द तीच होती. दहा वर्षांत 81,708 माणसे कमी झाली. त्याच मोजणीत पुरुष 7,61,121 आणि स्त्रिया 8,53,948. म्हणजे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. हे वाचून कोणी म्हणेल, कोकणात मुली जास्त जन्मतात. तसे नव्हे. लहान मुलांचा रकाना पाहा. तेथे हजार मुलग्यांमागे मुली हजाराहून कमीच आहेत. पुरुष मुंबईला गेले, म्हणून स्त्रिया जास्त दिसतात.

बाईंनी स्वतः बोट ठेवून आपला तालुका शोधला, मग गाव. आकडा सहाशेच्या जवळ निघाला. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे टाकी लहानच होणार. मेमध्ये मुंबईकर आले की आम्ही कळशी घेऊन विहिरीवर!"

बोलणे बरोबर होते. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज किमान 55 लिटर पाणी धरले आहे. 600 माणसांना 33,000 लिटर लागतील. मेमध्ये 1,000 माणसे झाली तर 55,000. ही तूट जनगणनेच्या आकड्यात दिसणार नाही, कारण तो फेब्रुवारीचा आहे.

तेव्हा अर्जात दोन आकडे लिहायचे ठरले. पहिला जनगणनेचा, सालासकट आणि गावाच्या क्रमांकासकट. दुसरा मे महिन्यातल्या माणसांचा, गटाने घरोघर जाऊन मोजलेला. त्यापुढे मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्यांच्या सह्या. रेशनकार्डाचा आकडा खोडला. दुसरा आकडा कचेरी मान्य करील की नाही, ते आम्ही सांगू शकलो नाही. पण आता कुठून घेतला असे विचारले तर उत्तर आहे.

बाईंनी क्रमांक पदराच्या टोकाला गाठ मारावी तसा चिठ्ठीवर जपून लिहून घेतला. मोजणीची वही आम्हीच दिली, रकाने आखून. पहिल्या रकान्यात वाडी, दुसऱ्यात घर, तिसऱ्यात बाराही महिने राहणारी माणसे, चौथ्यात मेमध्ये आलेली. त्यांनी पाचवा रकाना मागितला.

"कशाला, ताई?"

"कुलूप असलेली घरं लिहायला."