नळामागचं जंगल

हायड्रॉलॉजीत 'पाणलोट क्षेत्र' आपण मार्कांपुरतं शिकतो. मला ते खरं कळलं काटेपूर्णेमुळे. ही नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावरच्या महान धरणातून अकोला शहराला पाणी मिळतं. धरणालगतचं ७३.६९ चौरस किलोमीटरचं काटेपूर्णा अभयारण्य १९८८ साली घोषित झालं. राखण वनविभागाकडे.

झाडं पावसाचा मार झेलतात, पालापाचोळा पाणी मुरवतो, मुळं माती धरून ठेवतात. उघड्या उतारावरची माती मात्र वाहत जाऊन धरणात बसते. गाळ वाढला की साठा घटतो. भिंतीची उंची तेवढीच दिसते! म्हणजे चौशिंग्यासाठी राखलेलं जंगल शहराचं पाणीही राखतं. वनरक्षकाला कुणी इंजिनिअर म्हणत नाही, पण धरणाचं आयुष्य तोही वाढवतो. हॉस्टेलवर बादली भरताना एवढं आठवलं तरी पुरे.