हो ची मिन्ह शहर : व्यापाऱ्याने काय पाहावे, काय तपासावे

परदेशी बाजारपेठ म्हटली की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर दुबई, जेद्दा नाहीतर चीनचे ग्वांगझाऊ येते. व्हिएतनामचे नाव सहसा निघत नाही. पण आपल्याकडच्या मसाल्याच्या दुकानातील दालचिनी, काजूच्या वखारीत ज्याच्या भावाची रोज चर्चा होते तो माल आणि अत्तरवाल्यांच्या पेटीतील ऊद यांचा त्या देशाशी जवळचा संबंध आहे. म्हणून या पाठात आम्ही दक्षिण व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराची ओळख करून देत आहोत. प्रेक्षणीय स्थळांची यादी देण्याचा आमचा हेतू नाही. कष्टाची पुंजी घेऊन जाणाऱ्या माणसाने तिथे कोणती काळजी घ्यावी, हे सांगण्याचा हेतू आहे.

शहराची थोडक्यात ओळख

या शहराचे जुने नाव सायगाव. फ्रेंच अमलात हे बंदर वाढले. मोठे टपाल कार्यालय, चर्च, रुंद रस्ते या त्याच काळाच्या खुणा आहेत. 30 एप्रिल 1975 रोजी युद्ध संपले आणि 1976 मध्ये शहराला हो ची मिन्ह यांचे नाव देण्यात आले. लोकांच्या बोलण्यात मात्र आजही सायगावच आहे.

युद्धानंतरची दहा वर्षे व्यापाराला फार वाईट गेली. सर्व काही सरकारच्या हाती होते आणि टंचाई होती. डिसेंबर 1986 मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाने 'दोई मोई' म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले आणि खासगी व्यापाराला वाट मोकळी झाली. 1994 मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली. 1995 मध्ये व्हिएतनाम आसियान संघटनेत गेला आणि 2007 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत. आज काळी मिरी आणि सोललेले काजूगर यांच्या निर्यातीत हा देश जगात पहिला आहे. कॉफीत ब्राझीलनंतर त्याचाच क्रमांक लागतो.

1 जुलै 2025 रोजी शेजारचे बिन्ह युओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे दोन प्रांत या शहरात विलीन झाले. त्यामुळे फर्निचरचे कारखाने आणि काय मेपचे खोल पाण्याचे बंदर आता शहराच्याच हद्दीत आले आहे. त्याच दिवसापासून जुने 'डिस्ट्रिक्ट' रद्द होऊन नवे प्रभाग झाले. जुन्या पत्रकांवर 'डिस्ट्रिक्ट 1', 'डिस्ट्रिक्ट 5' असे पत्ते दिसतील, नव्या बिलांवर प्रभागाचे नाव असेल. करार करताना विक्रेत्याचा नोंदणीकृत नवा पत्ता मागून घ्यावा. बिल, पॅकिंग यादी आणि बँकेचे कागद या तिन्हींवर तो एकसारखा असावा. पत्त्यातील फरकामुळे बँक कागद परत करू शकते.

जाण्यापूर्वी

ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी 50 डॉलर शुल्क आहे. अर्ज सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या संकेतस्थळांवर दुप्पट-तिप्पट पैसे घेतले जातात. मुंबईहून थेट विमानसेवा 2022 मध्ये सुरू झाली. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. पावसाळा मे ते नोव्हेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत चांद्र नववर्षाचा 'तेत' सण येतो. त्या वेळी कामगार गावी जातात, बाजार आणि कारखाने आठवडाभर, कधी त्याहून जास्त बंद राहतात. त्या सुमारास खरेदीला जाणे म्हणजे भाडे फुकट घालवणे. सणाआधीच्या घाईत भरलेला मालही जास्त बारकाईने तपासावा लागतो.

5,000 डॉलरपेक्षा जास्त रोख परकी चलन जवळ असेल तर विमानतळावर जाहीर करणे बंधनकारक आहे.

नोटांचा हिशेब

तिथले चलन डोंग. सध्या एका रुपयाला सुमारे 300 डोंग पडतात. सोपा हिशेब असा : किमतीतील शेवटची दोन शून्ये काढा आणि उरलेल्या आकड्याला तीनने भागा. 1,00,000 डोंग म्हणजे सुमारे 333 रुपये. दुकानदार नुसते 'पन्नास' म्हणाला तर ते 50,000 समजावे. तिथे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे 1.500 असे लिहिले असेल तर ते दीड नसून दीड हजार असते. भावपत्रक वाचताना ही चूक महागात पडते. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत. पहिली सुमारे 67 रुपयांची, दुसरी सुमारे 1,667 रुपयांची. अंधारात टॅक्सीवाल्याला पैसे देताना घाई करू नये.

नमाज आणि जेवण

शहराच्या मध्यभागी डोंग यू रस्त्यावर 1935 मध्ये बांधलेली जामा मशीद आहे. ती दक्षिण भारतातील मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारली. पाँडिचेरी आणि कारैकाल तेव्हा फ्रेंचांकडे होते, आणि सायगावही. त्यामुळे तमिळ मुस्लिम तिथे कापड आणि किराणा मालाच्या व्यापारासाठी जात. 1975 नंतर बहुतेक भारतीय कुटुंबे निघून गेली, दुकाने राहिली नाहीत, मशीद मात्र राहिली आणि तिथे आजही जुम्याची नमाज होते. चोलोन भागातही न्गुयेन त्राय रस्त्यावर मशीद आहे.

स्थानिक मुस्लिमांत मोठा वाटा चाम जमातीचा. कंबोडियाच्या सरहद्दीजवळील चाउ डोकच्या परिसरात त्यांची जुनी वस्ती आहे आणि या शहरातही त्यांचे मोहल्ले आहेत. देशभरातील मुस्लिमांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे दहा कोटींच्या देशात मूठभर. तरीही बेन थान्ह बाजाराजवळच्या न्गुयेन अन निन्ह रस्त्यावर मलेशियन गिऱ्हाइकांसाठी हलाल खाणावळी आणि मुस्लिम स्त्रियांच्या पोशाखांची दुकाने यांची रांगच आहे. तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी हा रस्ता जरूर पाहावा. गिऱ्हाईक ओळखून माल ठेवला की परक्या मुलखातही बाजार उभा राहतो, हे तिथे दिसते.

इतर ठिकाणी डुकराचे मांस आणि चरबी सर्रास वापरतात. फलकावर 'चाय' हा शब्द असेल तर ते बौद्ध शाकाहारी जेवण असते. तरीही 'डुकराचे मांस, चरबी आणि दारू नको' असे व्हिएतनामी भाषेत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात असावी. त्यांची भाषा रोमन लिपीत लिहितात, पण स्वर बदलला की अर्थ बदलतो. म्हणून पत्ताही तोंडी न सांगता लिहून दाखवावा.

बाजार कोणता कशासाठी

बेन थान्ह ही 1914 सालची प्रसिद्ध मंडई. ती मुख्यतः प्रवाशांसाठी आहे. किरकोळ भाव, भरपूर घासाघीस. तिथल्या भावावरून घाऊक भावाचा अंदाज बांधू नये.

घाऊक मालासाठी चोलोन या जुन्या चिनी वस्तीत जावे. बिन्ह ताय मंडई 1920 च्या दशकात एका चिनी व्यापाऱ्याने स्वखर्चाने बांधून दिली. किराणा, सुका मेवा, भांडी, प्लॅस्टिक असा माल तिथे गाठोड्यांनी विकला जातो. कापडासाठी सोआय किन्ह लाम, तयार कपड्यांसाठी आन डोंग, आणि दालचिनी, बाद्यान, जडीबुटी यांच्यासाठी हाय थुओंग लान ओंग रस्ता प्रसिद्ध आहे. सकाळी लवकर जावे. घाऊक दुकानदाराला एक नग मागणाऱ्या माणसात रस नसतो. किती माल, कोणता दर्जा आणि केव्हा हवा, हे आधी सांगावे.

कारागीर बांधवांनी बिन्ह युओंग भागातील तुओंग बिन्ह हिएप हे लाखकामाचे गाव पाहावे. झाडाच्या चिकाचे थरावर थर लाकडावर देतात. प्रत्येक थर दमट हवेत वाळवून पाण्याखाली घासतात. मध्ये अंड्याचे कवच किंवा शिंपल्याचे तुकडे बसवतात. स्वस्त वस्तूंवर मात्र कारखान्यातील रंगाचे दोन हात असतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की भावातील फरक का, हे कारागिराच्या नजरेला लगेच कळते.

रस्त्यावर मोटारसायकलींचा पूर असतो. रस्ता ओलांडताना धावू नये आणि मध्येच थांबू नये, एकसारखे चालत राहावे. वाहने बाजूने जातात. मोबाईल हातात धरून कडेला उभे राहू नये, चालत्या गाडीवरून हिसकावण्याचे प्रकार होतात. 22 डिसेंबर 2024 पासून बेन थान्ह ते सुओय तिएन अशी सुमारे 20 किलोमीटरची मेट्रो सुरू आहे.

मालाचा दर्जा : कोणता प्रश्न विचारावा

मिरी : एका लिटर मापात किती ग्रॅम बसते, यावर दर्जा ठरतो. 500 ग्रॅम आणि 550 ग्रॅम असे प्रकार चालतात. पोकळ दाणा हलका भरतो. शिवाय आपल्या मिरी उत्पादकांच्या हितासाठी भारत सरकारने 2018 मध्ये किलोला 500 रुपयांपेक्षा कमी भावाच्या मिरीची आयात बंद केली. असे नियम बदलत असतात, म्हणून सौदा करण्याआधी आपल्या कस्टम एजंटकडून आजची स्थिती लेखी घ्यावी.

काजूगर : डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 यातील आकडा म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या गरांची कमाल संख्या. आकडा लहान तितका गर मोठा. कोकणातील कारखानदारांना हे ठाऊक आहेच. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनी तुकड्याचे प्रमाण आणि ओलावाही करारात लिहून घ्यावा.

ऊद : इथे सर्वांत जास्त फसवणूक होते. साध्या लाकडाला तेल पाजून, वजन वाढवून ऊद म्हणून विकतात. पाण्यात बुडतो म्हणजे अस्सल, ही कसोटी पुरेशी नाही. जाळून वास घ्यावा, तुकडा आतून फोडून पाहावा, तरीही खात्री नसेल तर घेऊ नये. ऊदाची सर्व झाडे 2005 पासून आंतरराष्ट्रीय 'साइटीस' कराराच्या संरक्षणाखाली आहेत. निर्यातीचा परवाना नसलेला माल स्वस्त मिळाला तरी कस्टममध्ये जप्त होतो.

अगरबत्ती : पूर्वी व्हिएतनामहून कच्च्या अगरबत्तीची मोठी आयात होत असे. ऑगस्ट 2019 मध्ये भारताने तिच्यावर निर्बंध घातले. जुन्या व्यापाऱ्याच्या सल्ल्यावर विसंबून आजही ऑर्डर देणारा अडचणीत येतो.

कागदाचा धडा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'सीआयएफ न्हावा शेवा' असा भाव मिळाला की माल आपल्या बंदरात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. विक्रेता भाडे आणि विमा भरतो हे खरे, पण माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की नुकसानीची जोखीम खरेदीदाराची होते. शिवाय वेगळे ठरवले नसेल तर विक्रेत्याने किमान संरक्षणाचाच विमा घ्यायचा असतो. त्यात चोरी किंवा जहाजात शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचे नुकसान येत नाही. अशा वेळी जास्त संरक्षण करारात लिहून घ्यावे. विम्याबाबत ज्यांच्या मनात शरीयतच्या दृष्टीने प्रश्न असेल, त्यांनी सौद्यापूर्वीच जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

दुसरे, बँकेचे एल.सी. म्हणजे मालाची हमी नव्हे. बँक कागद पाहते, पोते उघडून पाहत नाही. कागद बरोबर असले तर पैसे जातात, आत दालचिनी असो वा भुसा. म्हणून माल कंटेनरमध्ये भरण्याआधी स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला ही एल.सी.ची अट करावी.

समजा, एखाद्याने 10 टन दालचिनी किलोला 250 रुपये भावाने घेतली. ओलावा ठरल्यापेक्षा चार टक्क्यांनी जास्त निघाला, तर त्याने सुमारे 400 किलो पाण्याचे एक लाख रुपये मोजले. त्यात बुरशी लागली तर उरलेला मालही गेला. तपासणीचा खर्च याच्या पुढे किरकोळ आहे.

तिसरे, आसियान-भारत करारानुसार अनेक वस्तूंवर सीमाशुल्कात सवलत मिळते. ती हवी असेल तर व्हिएतनाममधील अधिकृत यंत्रणेचे उत्पत्ती प्रमाणपत्र लागते. नुसते विक्रेत्याच्या लेटरहेडवर लिहिलेले चालत नाही.

शेवटी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि विक्रेत्याला त्यांनी जाब विचारला. हा प्रसंग आपण खुतब्यात अनेकदा ऐकतो. त्यात विकणाऱ्याला जशी ताकीद आहे, तसा घेणाऱ्यालाही धडा आहे : ढिगाचा वरचा थर पाहून सौदा करू नये, हात आत घालावा. तपासून घेणे हा विक्रेत्याचा अपमान नव्हे. आणि आपल्या गोदामात ओला माल आलाच, तर तो कोरड्यात मिसळून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याची मुभा आपल्याला नाही. तोटा परवडतो, हराम कमाई परवडत नाही.

पहिल्या फेरीत मोठी ऑर्डर देऊच नये, असे आम्ही सुचवू. नमुने घ्यावेत, तीन-चार विक्रेत्यांचे भाव लिहून आणावेत, घरी येऊन ओलावा आणि वजन तपासावे, कस्टम एजंटला दाखवावेत. मग लहान खेप मागवावी. ती नीट आली तर पुढची मोठी. अशा रीतीने गेलेला व्यापारी उशिरा कमावतो, पण मूळ पुंजी शाबूत ठेवतो. तिजारतीत बरकत देणारा अल्लाह आहे, पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवणही आपल्यालाच दिलेली आहे.