वही दिवाळीआधी उघडावी

मालवणच्या किनारपट्टीवरच्या एका गावात मी काही वर्षं ग्रामसेवक होतो. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आमच्या गावात घरोघरी खोल्या निघाल्या त्या नंतर, हळूहळू. दिवाळीची सुटी, नाताळ ते 31 डिसेंबर आणि मे महिना, या तीन वेळा गाव ओसंडतं. ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेल्यांसाठी हे लिहितो.

1. आधी खोल्या मोजा. नमुना 8 मध्ये घराची नोंद असते. त्याच घराच्या मागच्या पडवीला न्हाणीघर जोडून चार कुटुंबं उतरतात, हे तिथं दिसत नाही. पहिल्या वर्षी मी नोटीस लावून माहिती मागवली. घरपट्टी वाढेल या धास्तीने कुणीच दिली नाही. पुढच्या वर्षी भातकापणी उरकल्यावर नोंदींसाठी एक वही केली आणि शिपायाला घेऊन दारोदार गेलो. ‘भाऊसाहेब, घरपट्टी वाढवूक इलात काय?’ एका आजींनी उंबऱ्यातच विचारलं. पाणी मोजायला आलोय म्हटल्यावर त्यांनी विहिरीपासून शोषखड्ड्यापर्यंत सगळं स्वतः दाखवलं. कराचा विषय त्या फेरीत काढायचा नाही, हे तेव्हा कळलं.

2. पाण्याचा हिशेब माणशी करा, घरागणिक नको. नळयोजना गावच्या लोकसंख्येवर बेतलेली असते, पाहुण्यांच्या नव्हे. समुद्राकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं; पंप लावून उपसा वाढवला की खारं वर चढतं. एका मे महिन्यात आमच्या एका वाडीची विहीर मचूळ झाली. त्या वाडीत पाहुण्यांची एकही खोली नव्हती! पंप शेजारच्या वाडीतले होते, आणि हंडे घेऊन लांब चालत गेल्या त्या या वाडीतल्या बायका. हे मला आजही बोचतं. नंतर ग्रामसभेत ठराव झाला: दोनपेक्षा जास्त खोल्या देणाऱ्याने साठवणीची टाकी बांधायची आणि मे महिन्यात पंपाच्या वेळा पाळायच्या. ठराव मांडायला त्या वाडीतल्या बायकाच उभ्या राहिल्या, म्हणून तो टिकला.

3. पाच माणसांच्या शोषखड्ड्यावर वीस माणसं आली की तो शेजारच्या विहिरीत उतरतो. अंतर टेपने मोजा, अंदाजाने नको.

4. मालक मुंबईत, किल्ली राखणदाराकडे आणि रात्री बारा वाजता अंगणात गाणी, हे घरोघरचं दुखणं. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा कायदा आहेच, पण दार कुणाचं ठोठवायचं? आम्ही प्रत्येक घरामागे गावातच राहणाऱ्या एका जबाबदार माणसाचं नाव आणि फोन लिहून घेतला. यादीची एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक सरपंचांकडे. तक्रारी निम्म्या तिथेच मिटू लागल्या.

5. घंटागाडीच्या जादा फेऱ्यांना आणि हंगामी सफाई कामगारांना अंदाजपत्रकातच तरतूद ठेवा. कचरा साचल्यावर मंजुरी मागत बसलात तर हंगाम निघून जातो.

6. गणपतीला येणारा चाकरमानी पाहुणा नव्हे, घरचा आहे. त्याच्या बंद घराला खोल्यांच्या यादीत घालू नका. आमच्याकडून एकदा ही चूक झाली आणि माणसं मनापासून दुखावली.

7. मेअखेरीस बोटिंग बंद होतं, गाव रिकामं होतं. पाऊस लागायच्या आत त्याच दारांवर तीच वही घेऊन परत जा: कुठं पाणी आटलं, कुठं भांडण झालं, कुणाचा खड्डा भरला. माणसांना तेव्हा सगळं आठवत असतं.